दोन आंकडे

ज्या वस्तूचे पैसे आपण भरले आहेत, ती वाया घालविण्याचा आपणांस अधिकार आहे काय? हा प्रश्न वरवर पाहतां क्षुल्लक वाटतो. बाजारांतून आणिलेली भाजी घरांत कुजली तर नुकसान आपलें. त्यांत दुसऱ्यानें कां बोलावें? हाच न्याय कित्येक लोक विजेला व गॅसला लावितात. “बिल आम्ही भरतों, मग दिवा रात्रभर जळेना कां,” असें म्हणणारे गृहस्थ आमच्या खेड्यांतून आतां पुष्कळ भेटतात, आणि ते कांहीं वाईट मनुष्य नसतात. त्यांचें म्हणणें खोडून काढण्यापूर्वीं तें नीट तोलून पाहिलें पाहिजे, कारण त्यांत अर्धें सत्य आहे.

परभणी जिल्ह्यांत सेलू तालुक्यामध्यें वालूर म्हणून गांव आहे. तेथील जुन्या बारवा प्रसिद्ध आहेत. त्यांपैकीं एकीच्या पायऱ्या चक्राकार उतरत जातात, आणि अलीकडच्या वर्षांत गांवकऱ्यांच्या श्रमानें ती गाळांतून मोकळी झाली. बारव पाहावयास येणारे लोक तिच्या दगडी कामाची स्तुति करितात, आणि ती योग्यच आहे. परंतु आमचें लक्ष तिच्या दुसऱ्या एका गुणाकडे लागतें. बारवेंत पाणी किती उरलें, हें कोणास विचारावें लागत नाहीं. उघड्या पडलेल्या पायऱ्या मोजल्या कीं झालें. उन्हाळा चढूं लागला म्हणजे एकेक पायरी वर निघते, आणि घागर घेऊन उतरणाऱ्या स्त्रीच्या पायांनाच तो हिशेब कळतो. काल जेथें पाणी होतें तेथें आज कोरडा दगड लागला, एवढें तिला पुरे असतें. शिवाय ती पायरी सर्वांसमक्ष उघडी पडते. पाटलाला व मजुराला ती सारखीच दिसते.

सरपणाचेंही तसेंच होतें. खळ्याशेजारीं रचिलेल्या पऱ्हाट्यांचा व तुराट्यांचा ढीग, भिंतीस लाविलेली गोवऱ्यांची रास, यांकडे पाहून कोणतीही गृहिणी पावसाळ्यापर्यंत जळण पुरेल कीं नाहीं तें सांगत असे. डोक्यावर मोळी आणणाऱ्या बाईला मोळीचें वजन मानेनें कळत असे. तिला जळण जपून वापर म्हणून उपदेश करावा लागत नसे.

वीज व गॅस यांनीं हा भार उतरविला. हें मोठेंच उपकारक काम झालें, आणि धुरानें ज्यांचे डोळे गेले त्या आजीबाईंना विचारिलें तर त्या दुसरें कांहीं सांगणार नाहींत. परंतु भार उतरला त्याबरोबर मापही नाहींसें झालें. तारेंतून येणाऱ्या विजेला वजन नाहीं, आवाज नाहीं, वास नाहीं. बटण दाबणाऱ्या बोटाला नऊ वॅटचा दिवा आणि पाणी तापविण्याचा पंधराशें वॅटचा रॉड हे दोन्हीं सारखेच हलके लागतात. यास्तव जें पूर्वीं पायांना, मानेला व डोळ्यांना आपोआप कळत होतें, तें आतां बुद्धीला मुद्दाम कळवून द्यावें लागतें. मीटर ही आमच्या घरांतली बारवेची पायरी होय. मात्र ती दाराबाहेर उंचावर एका डब्यांत असते, आणि महिन्यांतून एकदां येणाऱ्या माणसाखेरीज तिच्याकडे कोणी पाहात नाहीं.

हिशेब कठीण आहे असें मुळींच नाहीं. एक हजार वॅटचें उपकरण एक तास चाललें म्हणजे एक युनिट होतें. यावरून पंधराशें वॅटचा रॉड तासभर ठेविला तर दीड युनिट खर्च होतें. तेवढ्याच विजेवर नऊ वॅटचा एलईडी दिवा एकशें साठांहून अधिक तास जळतो. रोज रात्रीं दहा तास म्हटले तरी सोळा रात्री झाल्या. घरांतील यजमान सोळा रात्री दिवा विसरल्याबद्दल मुलांवर रागावतो आणि सकाळीं रॉड बादलींत ठेवून गप्पांना बसतो, हें पुष्कळ ठिकाणीं पाहावयास मिळतें. उन्हांत काळें पिंप ठेविलें तर वर्षांतील निदान आठ महिने परभणीच्या ऊन्हानें स्नानाचें पाणी फुकट तापतें, असो. जुना पंखा सुमारे पंचाहत्तर वॅट घेतो, नव्या जातीचा तीसच्या आसपास. दिवसाचे बारा तास चालला तर महिन्याकाठीं एका पंख्यामागें सोळा युनिटांचा फरक पडतो. आपल्या राज्यांत घरगुती विजेचा दर टप्प्याटप्प्यानें चढतो. पहिल्या १०० युनिटांचा दर कमी, त्यापुढील ३०० पर्यंतचा पुष्कळच जास्त. म्हणून ज्याच्या घरीं ११५ युनिटें होतात, त्याला शेवटचीं पंधराच सर्वांत महाग पडतात, आणि सुटण्यासारखीं बहुधा तींच असतात.

गॅसचें माप तर आमच्या बायकांनीं स्वतःच शोधून काढिलें आहे. सिलिंडरावरून ओलें फडकें फिरवावें. वरचा भाग लवकर वाळतो, आणि आंत जेथपर्यंत द्रव गॅस आहे तेथपर्यंतचा ओलावा मागें राहतो. ती ओलसर रेघ म्हणजेच पाण्याची पातळी. अधिक नेमकें हवें असेल तर सिलिंडराच्या गळ्याशीं त्याचें रिकामें वजन कोरलेलें असतें. तें वजन काट्यावरील वजनांतून वजा केलें कीं शिल्लक गॅस कळतो. भरलेल्या टाकींत तो १४.२ किलो असतो. टाकी लाविल्याची तारीख खडूनें भिंतीवर लिहिली आणि ती ४५ दिवस पुरली, तर रोज सुमारे ३१५ ग्रॅम गॅस जळला. डाळ घटकाभर भिजवून घेणें, भांड्यावर झांकण ठेवणें, उकळी फुटल्यावर ज्योत लहान करणें, कुकर वापरणें, या चार संवयींनीं तो आंकडा किती उतरतो तें पुढच्या टाकीला दिसेल. ‘आरती’ या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या पुण्याच्या संस्थेनें ‘सराई’ नांवाचा एक कुकर प्रचारांत आणिला. त्यांत सुमारे शंभर ग्रॅम कोळशाच्या कांड्यांवर पांच माणसांचा स्वयंपाक होतो. अन्न शिजावयास उष्णता इतकी थोडी लागते, आणि आमच्या चुलींतून व शेगड्यांतून उरलेली सर्व भांड्याभोंवतालची हवा तापविण्यांत जाते, हें त्यावरून ध्यानांत यावें.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. बिल भरणाऱ्याचा अधिकार कोठपर्यंत? आम्ही म्हणतों, पैशानें वस्तूची किंमत फिटते, परंतु वस्तूशीं असलेला आपला सर्व संबंध फिटत नाहीं. याचें उदाहरण आपल्या मराठवाड्यांतच घडलें. परळी वैजनाथ येथील औष्णिक वीजकेंद्र १९७१ सालापासून चालत आलेलें. कोळसा जाळून पाण्याची वाफ करावयाची व त्या वाफेनें चक्र फिरवावयाचें, असा तेथील प्रकार. २०१३ च्या आरंभीं दुष्काळ पडला, आणि तें केंद्र पाण्याअभावीं बंद करावें लागलें. २०१५ सालीं पुन्हा तोच प्रसंग आला. कोळसा होता, यंत्रें होतीं, कामगार होते, पाणी नव्हतें. त्याच दिवसांत गांवोगांव टँकरपुढें घागरींच्या रांगा लागल्या होत्या. विजेंत पाणी असतें, हें त्या वर्षीं जितकें उघड दिसलें तितकें एरवीं दिसत नाहीं. एका युनिटामागें अदमासें पाऊण किलो कोळसा जळतो. गॅसची गोष्ट घ्यावी तर देशांत लागणाऱ्या स्वयंपाकाच्या गॅसपैकीं निम्म्याहून अधिक समुद्रापलीकडून विकत आणावा लागतो. बिल भरणाऱ्यानें वीजकंपनीचें देणें दिलें, हें खरें. खाणीचें, धरणाचें आणि टँकरच्या रांगेंत उभ्या असलेल्या बाईचें देणें त्या पावतीवर छापलेलें नसतें.

भाजीचें उदाहरण येथेंच तुटतें. कुजलेली भाजी निदान उकिरड्यावर दिसते व तिचें खत होतें. रिकाम्या खोलींत फिरलेल्या पंख्याचें कांहींच उरत नाहीं, लाज वाटण्यापुरतेंही नाहीं. पांच हजार मनुष्यें जेवून तृप्त झाल्यावर, आणि देणाऱ्यापाशीं अन्नाची मुळींच वाण नसतांही, उरलेले तुकडे टोपल्यांत गोळा करविले गेले, ही शुभवर्तमानांतील गोष्ट आमच्या वाचकांस ठाऊकच आहे. तेथें काटकसर दारिद्र्यामुळें नव्हती. वाया जाऊं न देण्याचें कारण टंचाई हेंच असतें, असा जो आपला समज, त्याला ती गोष्ट आडवी येते.

येथवर पहिला आंकडा झाला, जो वहींत लिहावयाचा. आतां दुसऱ्या आंकड्याविषयीं बोललें पाहिजे, जो तारेवर टाकावयाचा. मराठी भाषेनें या दोहोंस एकच शब्द दिला आहे, ही मोठी मौजेची गोष्ट आहे. आंकडा टाकणें म्हणजे काय, हें मराठवाड्यांत लहान मुलासही सांगावें लागत नाहीं. बांबूच्या टोकाला वाकविलेली तार, आणि संध्याकाळीं ती खांबावरील तारेला अडकविली कीं मीटर न फिरतां घर उजळतें. २००३ च्या वीज कायद्याच्या कलम १३५ प्रमाणें ही चोरी आहे आणि तिला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्हीं सांगितलीं आहेत. परंतु कायद्याच्या भीतीनें आमच्या खेड्यांत ही गोष्ट थांबलेली नाहीं, आणि थांबण्याचें चिन्हही दिसत नाहीं. कारण तिला चोरी असें कोणी मनांत म्हणतच नाहीं. “सरकारची वीज आहे, कोणा एकाची थोडीच आहे?” हें उत्तर ठरलेलें.

ती कोणा एकाची नाहीं म्हणूनच ती सर्वांची आहे. गांवाच्या कडेला उभी असलेली डीपी ठराविक भार सोसण्यासाठीं बसविलेली असते. ज्या घरांची नोंद आहे त्यांच्या हिशेबानें ती दिलेली. तिच्यावर पंधरा-वीस आंकड्यांचा भार पडला म्हणजे ती तापते व एके रात्रीं जळते. मग ज्यानें आंकडा टाकला त्याचें घर जितकें अंधारांत, तितकेंच ज्यानें प्रत्येक महिन्याचें बिल रांगेंत उभें राहून भरलें त्याचेंही. पिठाची गिरणी बंद, नळाचें पाणी बंद, मुलांची परीक्षा मेणबत्तीवर. नवी डीपी येईपर्यंत दिवस मोजावयाचे. चोरी उघडपणें शेजाऱ्याच्या घरीं झाली असती तर गांवानें तिचा न्याय केला असता; येथें ती शेजाऱ्याच्याच घरीं होते, परंतु खांबावरून होते.

तथापि आंकडा टाकणारे सर्व एका तोलाचे नाहींत. कित्येकांच्या घरीं थकबाकीमुळें वीज तोडलेली असते. दोन-तीन हंगाम बुडाले, बिल चढत गेलें, आणि एके दिवशीं तार कापून नेली. घरांत म्हातारी व शाळेंत जाणारीं पोरें. अशा मनुष्यास व्यासपीठावरून चोर म्हणणें सोपें आहे. आमच्या मतें त्याचें कृत्य चुकीचें तें चुकीचेंच, परंतु मंडळीनें वर्गणी करून त्याची थकबाकी फेडण्यास हातभार लावावा, हप्ते बांधून घेण्यासाठीं कोणी लिहितां-वाचतां येणाऱ्यानें त्याच्याबरोबर कचेरींत जावें, आणि मग त्यास तार काढावयास सांगावें. याच्या उलट, ज्याच्या ओसरीवर मोटारसायकल उभी, भिंतीवर मोठा टीव्ही, घरांत शीतयंत्र, आणि तरीही लग्नाच्या मांडवाची रोषणाई ज्याच्या घरीं तारेवरून येते, त्याच्याशीं रोखठोक बोलावें. आमच्याकडे बहुधा याच्या नेमकें उलट घडतें.

शेतीच्या विजेचा प्रश्न आणखी निराळा. एप्रिल २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांस महाराष्ट्र सरकारनें पांच वर्षांसाठीं वीज मोफत केली. कोरडवाहू मुलखांत शेतकऱ्यास हा आधार मिळाला याबद्दल तक्रार नाहीं. पण फुकट मिळालेली वस्तु खर्चावांचून निर्माण होत नाहीं. तिचा खर्च दुसरा कोणी सोसतो इतकेंच. पांच अश्वशक्तीचा पंप तासाला सुमारे पावणेचार युनिटें घेतो, म्हणजे आठ तासांत तीस. पाणी पाट फोडून बांधाबाहेर वाहात असतां हीं तीस युनिटें जातात, आणि विहिरीची पातळीही जाते. त्यांत ऑटोस्विचची भर. रात्रीं-अपरात्रीं वीज येते, उठून शेतावर जाणें जिवावर येतें, सापाकिरडाचें भय असतें, म्हणून शेतकरी आपोआप चालू होणारें स्विच बसवितो. त्याची अडचण आम्हांस समजते. रात्रीं वीज देणाऱ्यांनीं ती आधीं समजून घ्यावयास पाहिजे होती. परंतु वीज येतांच शिवारांतले सर्व पंप एकाच क्षणीं सुरू होतात, आणि डीपी बसते. शेजाऱ्यांनीं आपसांत पाळी ठरवावी, ऑटोस्विच काढावे, कपॅसिटर बसवावे; पूर्वीं बारवेवर व पाटावर पाळी असे तशीच ही पाळी आहे.

काटकसरीच्या उपदेशांत एक मोठा धोका आहे, तो सांगितल्यावांचून पुढें जातां येत नाहीं. घरांत बचत करावयाची ठरली म्हणजे प्रथम कोणाची वस्तु कमी होते? आमच्या पाहण्यांत असें आहे कीं, टीव्ही पुरुषांचा, तो चालू राहतो. पंखा म्हाताऱ्याच्या खाटेवरचा, तोही राहतो. आणि सासू सुनेला म्हणते, गॅस जपून वापर, आंघोळीचें पाणी व भाकरी चुलीवर कर. हिशेबाची वही सुंदर दिसते, टाकी ४५ च्या ऐवजीं नव्वद दिवस पुरते, आणि ती सर्व बचत एका बाईच्या छातींत धुराच्या रूपानें सांठते. हिला काटकसर म्हणणें हा शब्दाचा दुरुपयोग आहे. २०१६ च्या मे महिन्यांत उज्ज्वला योजना सुरू झाली व गरीब घरांतून गॅसची जोडणी आली. परंतु २०१९-२० सालीं त्या कुटुंबांचा सरासरी वापर वर्षाला तीनच टाक्यांचा होता, आणि २०२३-२४ पर्यंत तो चारापर्यंत आला. चार टाक्यांत वर्ष निघत नाहीं. उरलेले महिने चुलीचेच. अशा घरीं कमी आंकडा हें सद्गुणाचें चिन्ह नसून पैसे नसल्याचें चिन्ह आहे, आणि त्या घरास आमचा सल्ला असा आहे कीं, गॅस अधिक वापरावा. मोजमाप हें फक्त कमी करण्यासाठींच नसतें. कोणाला पुरत नाहीं हेंही त्यानेंच कळतें. २०१५ सालीं ‘अनुदान सोडा’ म्हणून जी हांक देण्यांत आली, तिला मान देऊन एका वर्षाच्या सुमारास एक कोटीहून अधिक ग्राहकांनीं आपलें गॅसचें अनुदान सोडलें; त्यांतील पुष्कळांना आपल्याला किती लागतें व किती पुरतें याचा अंदाज होता म्हणूनच तें त्यांस सोडतां आलें असावें.

पुण्यास डॉ. हेमा साने म्हणून वनस्पतिशास्त्राच्या विदुषी होऊन गेल्या. गरवारे महाविद्यालयांत त्यांनीं अनेक वर्षें शिकविलें, ग्रंथ लिहिले, आणि भर शहरांतील बुधवार पेठेंत त्या विजेवांचून राहिल्या. २०१९ सालीं वृत्तपत्रांतून त्यांची हकीकत आली तेव्हां लोकांस नवल वाटलें. आम्हांसही आदर वाटतो. परंतु त्यांचें उदाहरण खेड्यांतील मंडळीपुढें ठेवितांना आम्ही अडखळतों. त्यांनीं वीज नाकारली. ज्याच्या दाराशीं वीज कधीं आलीच नाहीं त्यानें ती नाकारली असें म्हणतां येत नाहीं. उपास आणि उपासमार या दोहोंत पोट सारखेंच रिकामें असतें, म्हणून कोणी त्यांना एक म्हणेल काय?

आणखी एक आक्षेप विद्वानांचा आहे. जेव्हन्स नांवाच्या इंग्रज अर्थशास्त्रज्ञानें १८६५ सालीं कोळशाच्या प्रश्नावर ग्रंथ लिहून असें दाखविलें कीं, वाफेचीं यंत्रें जसजशीं काटकसरी झालीं, तसतसा कोळशाचा एकंदर खप वाढलाच. हें आमच्या घरांतही घडतें. साठ वॅटचा गोल दिवा गेला व नऊ वॅटचा आला, आतां एका दिव्याच्या जागीं सहा लागले, अंगणांत एक, न्हाणीघरांत एक, देवडींत एक, आणि ते दिवसाही मालवीत नाहींत, “त्याला वीज कितीशी लागते?” म्हणून. म्हणजे चांगलें उपकरण आणिल्यानें काम भागत नाहीं. आंकडा पाहावा लागतोच.

तो पाहण्याची रीत सांगून हा लेख पुरा करितों. पांचवींतल्या मुलाला वा मुलीला हें काम द्यावें. त्यांना तें आवडतें, आणि तीं थोरांपेक्षां अधिक प्रामाणिकपणें करितात. दर रविवारीं एकाच वेळीं मीटरवरील आंकडा वहींत लिहावा, मागच्या रविवारचा त्यांतून वजा करावा. जें उरेल तें आठवड्याचें. कोणत्या आठवड्यांत पाहुणे होते, पीठ घरींच दळलें, कोणी आजारी होतें, तें शेजारीं एका शब्दांत लिहावें, नाहींतर पुढें वाढीचें कारण आठवत नाहीं. कधीं कधीं वाचन न घेतांच सरासरीवर बिल येतें, आणि मग दोन-तीन महिन्यांनीं एकदम मोठी रक्कम अंगावर पडते. अशा वेळीं तारीखवार वही हातीं असली म्हणजे कचेरींत बोलतां येतें. मीटर उंच असेल तर मुलास खुर्चीवर चढवूं नये, मोठ्या माणसानें वाचून सांगावा. आंकडे डावीकडून वाचावे. पुष्कळ नव्या मीटरांवर निरनिराळे आंकडे आळीपाळीनें येतात, तारीख, वेळ, दाब. त्यांपैकीं ज्यापुढें केडब्ल्यूएच अशीं इंग्रजी अक्षरें दिसतात तोच घ्यावा, आणि टिंबानंतरचे अंक सोडून द्यावे.